सरखेल तुळाजीची कैद

13 फेब्रुवारी 1756च्या संध्याकाळी विजयदुर्गावर इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा किल्ल्याचा धनी किल्ल्यात नव्हता. इंग्रजांचं आरमार खाडीच्या तोंडाशी दिसलं आणि तो बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला. तिथून तो परत आलाच नाही. छावणीतून कैदेत आणि एका गडावरून दुसऱ्या गडावर असं त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. मराठ्यांचा सरखेल, आरमाराचा मुख्य, कान्होजी आंग्र्यांचा मुलगा आपल्याच राज्याच्या कैदेत मेला.

विजयदुर्गाच्याच, वाघोटनच्या खाडीकाठी माझं आजोळ. आजोबा मचव्यावर तांडेल होते. पावसाळ्यात मचवे वर ओढून झापांनी शाकारले की चार महिने त्यांना घरातच काढावे लागत. मग ओटीवर बसून सुंभ वळायचं, जाळी सांधायची आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आम्हा नातवंडांना दर्याच्या गोष्टी सांगायच्या. त्यात वादळं असत, बुडालेले पडाव असत, आणि तुळाजी असे. शिवाजी महाराजांचं नाव आलं की आजोबा हात जोडत. कान्होजींबद्दल अदबीने बोलत. तुळाजीबद्दल मात्र घरातल्या कर्त्या पण तापट भावाबद्दल बोलावं तसं, थोडं रागावून आणि बरंचसं हळहळून. "तुळाजी हरलो नाय. तेका घरच्यांनीच हरवल्यानी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर आजी आतून म्हणायची, "तोय काय कमी नव्हतो." पुढे मी जेवढं वाचलं, तेवढं या दोन वाक्यांच्या मधेच येऊन बसलं.

सुरुवात कान्होजींपासून करायला हवी, कारण तुळाजीच्या कैदेची पाळंमुळं त्या घरातच आहेत. शाहू महाराज साताऱ्याला आले आणि स्वराज्याचे दोन पक्ष झाले, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. 1713 साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळवलं. त्या तहाने सरखेलीही कान्होजींकडे राहिली आणि किनाऱ्यावरचे किल्लेही. सरखेली छत्रपतींची होती, पेशव्यांच्या हातून दिलेली नव्हती, हे इथे लक्षात ठेवायचं. पेशवे हे छत्रपतींचे प्रधान आणि आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल. एकाने घाटावर राज्य वाढवायचं, दुसऱ्याने दर्या सांभाळायचा. कान्होजींनी तो सांभाळला. 1717 मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, 1718 मध्ये खांदेरीवर, 1721 मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर. तिन्ही वेळा त्यांना हात हलवत मुंबईला परतावं लागलं.

1729 मध्ये कान्होजी गेले. मागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी अशी मुलं. सेखोजी चार वर्षांत गेला आणि संभाजी-मानाजींची भाऊबंदकी सुरू झाली. मानाजीने कुलाबा बळकावला, त्यासाठी पोर्तुगीजांचीही मदत घेतली. शेवटी बाजीराव पेशव्यांनी मधे पडून 1735 मध्ये वाटणी करून दिली. मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजीकडे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेली. तेवढ्यापुरतं भांडण मिटलं. पण कान्होजींनी एका हुकमाखाली ठेवलेलं आरमार दोन घरांत विभागलं गेलं, आणि यापुढे आंग्र्यांच्या घरातला वाद पुण्यात सुटणार, हेही त्याच दिवशी ठरून गेलं. आजोबा म्हणायचे, एका मचव्यावर दोन तांडेल झाले की मचवो खडपार गेलोच म्हणून समजा.

संभाजीच्या मागे सरखेली तुळाजीकडे आली. माणूस पहिल्यापासून धडाडीचा. 1745 मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेलचा किल्ला घेतला आणि त्याला गोपाळगड नाव दिलं. दाभोळच्या खाडीचं तोंड त्याच्या ताब्यात आलं. बाणकोटापासून खाली थेट दक्षिणेपर्यंत त्याची गलबतं फिरू लागली. दर्यात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनी सरखेलाचं दस्तक घ्यावं, नसेल तर जहाज आणि माल जप्त, हा त्याचा कायदा. इंग्रजांनी त्याला चाचा म्हटलं, अजूनही त्यांची पुस्तकं म्हणतात. पण दस्तकाची ही रीत तुळाजीने काढली नव्हती. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं याच दर्यात हेच केलं होतं आणि मुंबईकर इंग्रजही आपली दस्तकं इतरांच्या माथी मारतच होते. तुळाजीने एकदा त्यांच्याकडे तहाचं बोलणं लावलं, तेव्हा आम्ही दस्तकं देतो, हिंदुस्थानातल्या कुणाकडून घेत नाही, अशा अर्थाचं उत्तर मुंबईहून आलं. खरं भांडण तेवढंच होतं. पाणी कुणाचं, हा प्रश्न होता. तुळाजी म्हणत होता, आमचं.

तुळाजीची माणसं लढायची कशी, हे आजोबा ओटीवर हातांनी करून दाखवायचे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज. दीडशे ते तीनशे टनांचं, तळ उथळ, नाळ पुढे लांब निघालेली. तिच्यावरच्या मुख्य तोफा पुढच्या बाजूला, सरळ समोर मारणाऱ्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. इंग्रजांचं मोठं जहाज वारा असला की वाघ. वारा पडला की जागच्या जागी. "वारो पडलो काय आपलो वकुत," असं म्हणून आजोबा डावा हात स्थिर धरायचे आणि उजवा हात त्याच्या मागून आणायचे. गलबतं वल्हवत गुराबांना ओढून जहाजाच्या पाठीशी नेत, कारण तिथे तोफा सगळ्यात कमी. मागून मारा करून डोलकाठ्या आणि सुकाणू निकामी करायचं, आणि मग चारी बाजूंनी माणसं चढवायची. पुढे रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचं वर्णन वाचलं तेव्हा मी थक्क झाले. त्यानेही हेच लिहिलं आहे, जवळजवळ त्याच क्रमाने. आजोबांनी ऑर्मचं नावही ऐकलेलं नव्हतं.

अशा लढाईने तुळाजीने इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज धरलं आणि विजयदुर्गाच्या खाडीत आणून आपल्या आरमारात घातलं. 1754 मध्ये डचांच्या तीन जहाजांच्या ताफ्याला त्याने धूळ चारली. पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी त्याच्या तोडीचा दर्यावर्दी देशी राज्यांत दुसरा नव्हता.

आता आजीची बाजू. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता. खंडणी देत नव्हता. त्याची गलबतं इंग्रज-डचांबरोबर पेशव्यांच्या रयतेची तारवंही लुटत होती, पेशव्यांच्या मुलखातली बंदरं मारत होती. खंडणी मागायला आलेल्या वकिलांची त्याने नाकं कापली, असं इंग्रज लिहितात आणि आमच्याकडे बायकाही तेच सांगत. 1749च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले. राज्याचा सगळा कारभार नानासाहेब पेशव्यांच्या हातात गेला. ताराबाईंनी त्याला विरोध केला, आणि तुळाजीचा कल ताराबाईंकडे होता. आपण छत्रपतींचे नोकर, पेशव्यांचे नव्हे, ही त्याची भूमिका कायद्याने बरोबर असेलही. पण छत्रपतींच्या जागी आता सत्ता नव्हती. सत्ता पुण्याला होती, आणि पुण्याशी वैर घेताना त्याने ना शब्द सांभाळला ना हात. त्याच्या हातून भोगलेली रयत कोकणातलीच होती. आजोबा हे मान्य करायला तयार नसत. मी आजीच्या बाजूची आहे. नानासाहेबांना तुळाजीवर फौज धाडण्याचा हक्क होता.

पण त्यांनी नुसती फौज धाडली नाही, सोबत इंग्रज घेतले. 19 मार्च 1755 रोजी मुंबईत पेशव्यांतर्फे कोकणचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर आणि इंग्रजांतर्फे गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए यांनी करार केला. दर्यातून इंग्रजांनी मारायचं, जमिनीवरून मराठ्यांनी. मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना. ज्या इंग्रजांना कान्होजींनी पंचवीस वर्षं किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्यांना बोलावून आणून एक किल्ला आणि एक खाडी हातात दिली. कोकणात भाऊबंदकी घरोघर आहे. पण भावाच्या भांडणात परक्याला वाडीत बोलावून त्याच्या हातात कुऱ्हाड देणारा माणूस आमच्या गावात पुन्हा कुणाच्या पंगतीला बसला नसता.

कॉमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर त्याने तोफा लावल्या. एक गोळा दारूकोठारावर पडला, आत स्फोट झाला, तटबंदीवरची माणसं खाली धावली आणि किल्ला पडला. या जेम्सचं पुढे फार भलं झालं. पैसा मिळाला, सर ही पदवी मिळाली, कंपनीच्या डायरेक्टरांचा तो अध्यक्ष झाला. 1783 मध्ये तो वारल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी बुरूज बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो आजही उभा आहे, नीट राखलेला आहे. लोक वर चढून लंडन बघतात आणि खाली चहा पितात. आपल्या हर्णैच्या किल्ल्याचं नाव तिथल्या शाळकरी मुलांच्या कानावर पडतं.

विजयदुर्गाची पाळी पुढच्या वर्षी आली. रिअर अॅडमिरल चार्ल्स वॉटसन राजाच्या आरमारासह मुंबईत होता, आणि इंग्लंडहून नुकताच आलेला कर्नल रॉबर्ट क्लाइव्हही. क्लाइव्ह आला होता दख्खनमधल्या फ्रेंचांवर जायला. ती मोहीम बारगळली होती. हाताशी जहाजं होती, फौज होती आणि काम नव्हतं. तुळाजीच्या किल्ल्यात लुटायला काय काय आहे, हे सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं. निघण्यापूर्वी मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि लुटीत कुणाचा किती वाटा, हे आधीच ठरलं. क्लाइव्हचा वाटा किती, यावर तिथे कुरबूर झाली. पेशव्यांचा वाटा किती, हा प्रश्नच बैठकीत नव्हता. 7 फेब्रुवारीला आरमार निघालं, 11 तारखेला विजयदुर्गासमोर आलं. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत.

तुळाजी याच वेळी बाहेर पडला. किल्ला त्याने मेहुण्याच्या हवाली केला आणि तो पेशव्यांच्या छावणीत गेला. का गेला असेल, यावर मी फार विचार केला आहे. समोर केंट, कंबरलँड, टायगर, सॅल्सबरी अशी पन्नास ते सत्तर तोफांची जहाजं उभी. असलं आरमार या खाडीने कधी पाहिलं नव्हतं, वल्ह्यांच्या गलबतांना त्याच्या जवळही जाता आलं नसतं. त्याने ते एका नजरेत ओळखलं असणार. दोन शत्रू समोर होते. एकाची भाषा वेगळी होती. दुसऱ्याच्या दारात त्याच्या वडिलांनी मानाने पान-विडा घेतला होता. काही झालं तरी आपली माणसं, समजूत निघेल, दंड भरू, हातापाया पडू, असा हिशेब त्याने केला असेल, असं मला वाटतं. आजोबांच्या गोष्टीत तुळाजीला जेवायला बोलावून दगा केला असं होतं. कागदांत जेवणाचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. पण बोलणी करायला आलेल्या माणसाला पुन्हा जाऊ दिलं नाही, हे कागदही सांगतात.

12 तारखेच्या दुपारी तोफा सुरू झाल्या. तुळाजीचं सगळं आरमार तटाखाली, खाडीत, एकमेकांना बांधून उभं होतं. त्यातल्या 'रिस्टोरेशन'वर एक पेटता गोळा पडला. शीड पेटलं, डांबर लावलेले दोर पेटले, आणि बांधलेल्या जहाजांवरून आग पुढे सरकत गेली. गुराबा गेल्या. गलबतं गेली. खाडीकाठच्या गोदीत बांधून व्हायची होती ती अर्धवट जहाजंही जळाली. एका इंग्रज मोजणीने आठ गुराबा आणि साठेक गलबतं. दोन पिढ्यांनी उभं केलेलं आरमार एका दुपारी आणि एका रात्रीत राख झालं.

आमच्या घरात ही आग थोरल्या आजीच्या तोंडून ऐकायची असे. थोरली आजी म्हणजे आजीची जाऊ, गिर्येची माहेरवाशीण. तिच्या माहेरच्या गोष्टीत त्या रात्री खाडीपलीकडच्या बायकांनी चुली पेटवल्या नाहीत. ज्यांच्या घरचे गलबतांवर होते त्या बायका पाण्याच्या कडेला येऊन नावं घेऊन हाका मारत होत्या आणि पलीकडून उत्तर येत नव्हतं. जळकी लाकडं दोन दिवस भरतीबरोबर आत येत होती आणि ओहोटीबरोबर बाहेर जात होती. कुणी ती लाकडं सरपणाला उचलली नाहीत. हे सगळं कितपत खरं, कुणी कधी जोडलं, मला सांगता येणार नाही. पण इंग्रजांच्या एकाही वृत्तांतात गलबतांवरच्या माणसांची नावं नाहीत, त्यांचे आकडेही नाहीत. ती माणसं फक्त या बायकांच्या गोष्टीत शिल्लक आहेत. म्हणून मी ती इथे लिहिते आहे.

त्याच रात्री क्लाइव्हने फौज किनाऱ्यावर उतरवली. घाई होती, कारण किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन होऊ द्यायचा नव्हता. मित्राच्या आणि किल्ल्याच्या मधे तो जाऊन उभा राहिला. किल्ला मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडला नाही. आमच्या गोष्टीत मेहुणा फितूर झाला आणि त्याने दरवाजा उघडला. हे मला पटत नाही. जहाजं जळून गेल्यावर, धनी छावणीत अडकल्यावर, त्या माणसाने आणखी एक दिवसभर तोफांचा मारा सोसला. शेवटी आत दारू उडाली, तेव्हा त्याने किल्ला दिला. पराभव झाला की फितूर शोधायची आपल्याला सवय आहे. इथे तो शोधायचाच असेल तर तटाच्या आत शोधू नये.

इंग्रजांना किल्ल्यात रोख आणि जडजवाहीर मिळून दहा लाखांच्या आसपास ऐवज मिळाला. तो त्यांनी आपापसांत वाटून घेतला. आणि किल्ल्यात तुळाजीच्या घरची माणसं सापडली. वॉटसनच्या जहाजावरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने वॉटसनच्या आणि त्यांच्या भेटीची हकिगत लिहून ठेवली आहे. तुळाजीची आई वॉटसनला म्हणाली की लोकांना आता राजा उरला नाही, मला मुलगा उरला नाही, सुनांना नवरा नाही, लेकरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, मला बापाच्या जागी समजा. तेव्हा तुळाजीचा सहा वर्षांचा मुलगा हुंदके देत पुढे आला आणि वॉटसनचा हात धरून म्हणाला, मग तुम्हीच माझे बाबा. आइव्ह्ज लिहितो की वॉटसनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंही असेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती म्हातारी राहते. कान्होजींच्या घरातली ती बाई. हे शब्द तिने एका इंग्रजापुढे काढले, कारण पेशव्यांच्या छावणीतून तिच्या सांत्वनाला कुणी आल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

पेशव्यांना किल्लाही लगेच मिळाला नाही. इंग्रज तो सोडेनात. आठ महिने पत्रव्यवहार चालला आणि 12 ऑक्टोबर 1756च्या पुण्याच्या तहानंतर विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. बाणकोट पक्कं इंग्रजांचं झालं, त्यांनी त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं. मुंबईकरांना तुळाजीही हवा होता. पेशव्यांनी तो दिला नाही. नानासाहेबांच्या बाजूने एवढी एक गोष्ट आहे आणि ती नोंदवायला हवी. त्यांनी कान्होजींचा मुलगा परक्याच्या हातात दिला नाही.

पण सोडलाही नाही. इथे माझं पेशव्यांशी खरं भांडण आहे. बंडखोर सरदाराला धरणं, दंड करणं, त्याचा मुलूख कापणं हे त्या काळच्या राज्यकारभारात रोजचं होतं. त्याच काळात दमाजी गायकवाड पेशव्यांवर फौज घेऊन चालून आला, धरला गेला, कैदेत राहिला, आणि गुजरातचा अर्धा मुलूख देऊन सुटला. पुढे पेशव्यांच्याच बाजूने पानिपतावर लढला. रघूजी भोसल्यांचं आणि पेशव्यांचं किती वाजलं आणि किती वेळा मिटलं. तुळाजीचं मात्र मिटवलं गेलं नाही. आरमार जळलं होतं, किल्ले गेले होते, त्याच्याजवळ एक होडीही उरली नव्हती. अशा माणसाची भीती कशाची? भीती त्याच्या नावाची होती. सरखेल जिवंत आणि मोकळा असता तर कोकणातली दर्यावर्दी माणसं त्याच्याभोवती पुन्हा गोळा झाली असती, आणि हे आरमार जाळलं कुणी, हा प्रश्न विचारला गेला असता. त्याच्या कैदेच्या संदर्भात सोलापूरचा किल्ला आणि साताऱ्याकडचा वंदन गड ही नावं येतात. दोन्ही समुद्रापासून लांब. त्याची दोन मुलं पुढे कैदेतून निसटली आणि मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला गेली. कान्होजींच्या नातवांना स्वराज्यात आसरा नव्हता.

आजोबांची शेवटची गोष्ट याच कैदेची. तुळाजी गडावर पहाऱ्यात असताना रोज पहाटे उठून पहारेकऱ्याला विचारायचा, आज वारा कुठला? पहारेकरी घाटावरचा, त्याला काय कळणार. मग तुळाजी स्वतःच बोट ओलं करून वर धरायचा आणि सांगायचा, आज मतलई आहे, आज गलबतं निघतील. याला कुठल्याही कागदाचा आधार नाही. कुणातरी तांडेलाने कैदेतल्या तांडेलाची केलेली ही कल्पना आहे. आजोबा स्वतः डोळे गेल्यावर ओटीवर बसून तसंच बोट वर धरत, तेव्हा ही गोष्ट आमच्या घरात कुठून आली असेल त्याचा मला अंदाज येत असे.

क्लाइव्ह आणि वॉटसन विजयदुर्गाहून पुढे मद्रासला आणि तिथून बंगालला गेले. सोळा महिन्यांनी, 23 जून 1757 रोजी, प्लासी झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये वॉटसनचं स्मारक आहे, त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगरच्या बरोबरीने घेरियाचंही नाव कोरलं आहे. आपल्याकडे विजयदुर्गाची आग ही कोकणातली एक स्थानिक हकिगत समजली जाते. इंग्रजांनी ती तशी कधीच समजली नाही.

मराठ्यांचं आरमार 1756 नंतर संपलं, असं मात्र म्हणू नये. विजयदुर्गाला पेशव्यांनी आपला आरमारी सुभा ठेवला, आणि धुळप घराण्याने तो शर्थीने चालवला. 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या बाजूला इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज पकडून दाखवलं. धुळपांचं हे कर्तृत्व कमी लेखायचं नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना दस्तक घ्यायला लावू पाहणारं आरमार पुन्हा उभं राहिलं नाही. 1818 मध्ये विजयदुर्ग गेला तेव्हा पेशवाईच गेली होती.

गिर्येला खाडीच्या आत आंग्र्यांची गोदी आहे. बहुतेक पर्यटक किल्ला बघून, तटावर फोटो काढून परततात आणि तिकडे फिरकतही नाहीत. कातळ फोडून काढलेली साडेतीनशे फुटांहून अधिक लांब आणि सव्वादोनशे फुटांच्या आसपास रुंद जागा आहे ती. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ कोरडा पडतो आणि दुरुस्ती सुरू. मी गेले तेव्हा ओहोटी होती. गाळ गुडघाभर, कडेला खारफुटीची झुडपं, आणि कातळाच्या भिंतीवर छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात. एका घावावर अंगठा ठेवला तर तो नेमका बसतो. इथे काम करणारे सुतार, लोहार, कलाफत करणारे कारागीर 1756 नंतर कुठे गेले, कुणाकडे कामाला लागले, हे शोधायला हवं. मुंबईची गोदी त्याच काळात वाढत होती.

2025च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चारही त्यात आहेत. आता तिथे नवे फलक लागतील, वाटाडे तयार होतील, शाळांच्या सहली वाढतील. हे काम ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सुवर्णदुर्गाच्या फलकावर 1755 आणि विजयदुर्गाच्या फलकावर 1756 हे सन लिहा. आरमार कुणाच्या तोफांनी जळलं ते लिहा आणि त्या तोफा कुणी बोलावल्या तेही लिहा. तुळाजीने रयतेला दिलेला त्रास लिहा आणि त्याने मरेपर्यंत भोगलेली कैदही लिहा. आणि गिर्येच्या गोदीतला गाळ काढून तिथपर्यंत पायवाट करा.